तीन नंबरच्या खोलीतले बाबा

१२ जानेवारी

तीन नंबरच्या खोलीतले पाहुणे यांस,

नमस्कार. मी समुद्रावरच्या खोल्यांची मालकीण. पाहुण्यांना पत्र लिहायची ही माझी पहिलीच वेळ, तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्या. तुमचा फोन लागत नाही, म्हणून तुम्ही उतरताना लिहून दिलेल्या पत्त्यावर हे टाकते आहे.

परवा सकाळी तुम्ही, तुमच्या बाईसाहेब आणि मुलगी टॅक्सीने उत्तरेच्या किनाऱ्याला गेलात. बाबांचे गुडघे दुखतात, ते इथेच बसतील, संध्याकाळपर्यंत येतो, असं म्हणालात. मी म्हटलं, बसू देत की, मला कुठे जड आहेत. ती संध्याकाळ गेली, कालचा दिवस गेला, आणि आता मला घास गिळवेना. उत्तरेचा रस्ता सगळा वळणांचा, आणि टॅक्सीवाले तर पाठीमागे वाघ लागल्यासारखे हाकतात. आमचे हे मोटरसायकलवरून तिथपर्यंत जाऊन आले. चौकीत विचारलं, दवाखान्यात विचारलं. अपघाताची काही खबर नाही म्हणाले. तेवढाच जिवाला आधार.

बाबा बरे आहेत. जेवतात, दुपारी पडतात. तुमची त्यांना काळजी दिसत नाही. मला म्हणाले, "अहो, इथे आलेली माणसं सगळं बघूनच जातात. उत्तरेला पांढरी वाळू, खाडीच्या तोंडाशी डॉल्फिन, दक्षिणेला कडे. ते बघून झालं की येतील." जणू सहल-कंपनीत नोकरीला आहेत! भर दिवसा खिशात बॅटरी कशाला ठेवतात ते मात्र कळलं नाही.

तुम्ही सुखरूप आहात एवढंच दोन ओळींत कळवा.

खोल्यांची मालकीण

१९ जानेवारी

माननीय बाई,

आपलं पत्र मिळालं. आपल्याला त्रास झाला याबद्दल दिलगीर आहे. त्या दिवशी उत्तरेच्या किनाऱ्यावर मुलीला अचानक ताप भरला. तिकडून स्टेशन जवळ, म्हणून तसेच गाडीत बसलो. गडबडीत माझा फोन पाण्यात पडला. मुलीला अजून पूर्ण उतार नाही. येत्या रविवारी येऊन मी बाबांना घेऊन जातो.

त्यांच्या गोळ्या बॅगेच्या बाजूच्या कप्प्यात आहेत. पांढरी सकाळी, पिवळी झोपताना. खोलीचा हिशेब आल्यावर पूर्ण करीन.

बॅटरीचं विचारलंत. बाबा चित्रपटगृहात डोअरकीपर होते, आयुष्यभर. अंधारात लोकांना जागेवर नेऊन बसवायचं काम. बॅटरी काढून घेतली की अस्वस्थ होतात. राहू द्यावी.

आपला,
(लिफ्टवाला. आपल्या मिस्टरांनी मला याच नावाने हाक मारली होती.)

२ फेब्रुवारी

लिफ्टवाले साहेब,

रविवार आला आणि गेला. त्याच्या पुढचाही गेला. दोन्ही वेळेला बाबा आंघोळ करून, भांग पाडून फाटकाशी उभे होते. मीच सांगितलं होतं ना त्यांना, मुलगा येणार म्हणून. आता सांगत नाही.

मुलीला आराम पडला का?

इकडे हंगाम ऐन भरात आहे. किनाऱ्यावर भाड्याच्या खुर्च्यांच्या रांगा तुम्ही पाहिल्यात, सगळ्यांची तोंडं समुद्राकडे. बाबांना वाटतं ते थिएटर आहे. सकाळी नाश्ता झाला की निघाले. पाहुणा वाळूत पाऊल टाकतो न टाकतो तोच बाबा पुढे. "किती जण? या, इकडून या, पायरी सांभाळा." वाळूत कसली आलीय पायरी! पण लोक पाय उचलून टाकतात हो. मग पायाशी बॅटरीचा उजेड पाडत त्यांना खुर्चीपर्यंत नेतात. रणरणत्या उन्हात तो उजेड दिसत सुद्धा नाही. खुर्चीवाला आधी वैतागला होता, आता तोच रांगा सरळ लावून ठेवतो. म्हणतो, साहेब आले की मला दम देतात.

आता जे लिहायचं म्हणून पत्र लिहायला बसले ते लिहिते. काल कपडे धुवायला त्यांची बॅग उघडली. सगळे सदरे त्यातच. दोन स्वेटर. कानटोपी. इथे कुणी बारा महिन्यांत स्वेटर घालतं का? आणि तळाशी टॉवेलात गुंडाळलेला, हार घालायच्या खिळ्यासकट काढलेला, तुमच्या आईचा फ्रेमचा फोटो.

चार दिवसांच्या सहलीला कुणी आईचा फोटो भिंतीवरून उतरवून आणत नाही.

तापाची गोष्ट खरी असेल तर लेकराला बरं वाटो. नसेल तर खरं काय ते सांगा. तुम्ही टाकून गेलात हे मी चौकीत सांगितलेलं नाही. आमचे हे म्हणतात, चौकीत सांगितलं तर उद्या त्यांना सरकारी आश्रमात नेऊन टाकतील आणि तिथे बॅटरी पहिली काढून घेतील. म्हणून थांबले आहे.

मालकीण

११ फेब्रुवारी

बाई,

मुलीला ताप आला नव्हता. फोनही पडला नव्हता. तो माझ्या खिशात होता, पहिल्यांदा वाजला तेव्हा तुमचं नाव दिसलं आणि मी तो बंद करून ठेवला. आजही फोनवर माझ्या तोंडून शब्द फुटणार नाही, म्हणून लिहितो.

बाबांचं असं होऊन दोन वर्षं झाली. आमची जागा दोन खोल्यांची, चौथ्या मजल्यावर. मी लिफ्टच्या दुरुस्तीवर आहे, बोलावणं आलं की जेवणावरून उठून जावं लागतं. घरात बायको आणि बाबा. ते झोपलेल्या माणसाच्या तोंडावर उजेड मारून तिकीट मागायचे. गॅस चालू ठेवून निघून जायचे. हे सगळं आम्ही काढलं. बायकोनेच काढलं, मी नुसता ऐकत होतो.

गेल्या पावसाळ्यानंतर एका दुपारी ते खारूला, म्हणजे मुलीला, खाली खेळायला घेऊन गेले आणि एकटेच परत आले. "खारू कुठे?" "बसवून आलो. चांगली जागा मिळाली." याच्यापुढे एक शब्द नाही. आम्ही सगळी वस्ती पालथी घातली. विहिरीत डोकावलो. अंधार पडायच्या सुमाराला बस डेपोतल्या झाडूवालीला ती सापडली. डेपोत मागे उभ्या असलेल्या बंद गाडीत, मधल्या रांगेत, खिडकीशी. दार बाहेरून ओढून घेतलेलं. रडून रडून घसा बसला होता. सहा वर्षांची आहे हो ती.

त्या दिवसापासून बायको माझ्याशी भांडली नाही. भांडली असती तर बरं. एवढंच म्हणाली, "आता तुम्ही ठरवा." मी आश्रम पाहिले. चांगल्या ठिकाणी जागा नाही. जिथे जागा होती तिथे माणसं खाटेला बांधलेली पाहिली आणि पळून आलो.

सहलीची बॅग बायकोने भरली. भिंतीवर आईच्या जागी नुसता डाग दिसत होता. मी तो पाहिला आणि तिला काही विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही.

उत्तरेच्या किनाऱ्यावर खारू पाण्यात खेळली. बायको हसली. किती महिन्यांनी हसली. परतताना जिथे रस्ता फुटतो तिथे टॅक्सीवाल्याने विचारलं, डावीकडे की उजवीकडे? डावीकडे तुमच्याकडे, उजवीकडे स्टेशन. कुणीच बोलेना. मागून गाड्या भोंगे वाजवायला लागल्या. मी उजवीकडे म्हणालो.

लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांना मी रोज सांगतो, घाबरू नका, माणूस निघालाय. तुम्हाला काय सांगू ते सुचत नाही.

१८ फेब्रुवारी

तुम्हाला अहो-जाहो करायचं मनातून उतरलंय, पण वय झालं, जिभेचं वळण जात नाही.

तुमचं पत्र यांनी मोठ्याने वाचून दाखवलं. डेपोपाशी आल्यावर थांबले, पाणी प्यायले. मी तुम्हाला शिव्यांची लाखोली वाहायची असं ठरवून बसले होते. ती तशीच घशात राहिली, त्याचाही मला राग आहे. पण हे वाचा. तुमच्या घरातली अडचण मला समजते. माझ्या घरात ती का आणून ठेवलीत हे समजत नाही. मी तुमची कोण? चार दिवस उतरलेल्या पाहुण्यांना चहापाणी देणारी बाई. माझा चेहरा काय पाहिलात तुम्ही? "ही नाही म्हणणार नाही" असं कपाळावर लिहिलंय का माझ्या?

बाबा आता पाण्यात शिरायला लागलेत. पोरं लाटांत उभी राहतात, तर बाबांना वाटतं पडद्यासमोर उभी राहिलीत. "ए, खाली बसा, मागच्यांना दिसत नाही!" असं ओरडत कपड्यांसकट कंबरेएवढ्या पाण्यात. काल लाटेने आडवे केले. आमच्या यांनी आणि खुर्चीवाल्याने ओढून काढलं. नाकातोंडात पाणी, आणि तरी एकच, "बघा, मागच्यांना दिसत नाही." लोक हसले, मग फोटो काढले. पोटभर फोटो काढतात. आपला आजोबा नसला की माणूस गमतीचा वाटतो.

चार खोल्यांच्या चादरी, नाश्ते, नळ गळतात ते बघायचं, की बाबांच्या मागे समुद्रापर्यंत धावायचं? मला होत नाही. स्पष्ट लिहिते. मी काही थोर बाई नाही. जेवायला वाढते ते भुकेलं माणूस समोर असतं म्हणून, दुसरं काही नाही.

येऊन घेऊन जा. स्वतःच्या बापाला असं कुणी टाकून जातं का? मुकी जनावरं सुद्धा असं करत नाहीत.

मालकीण

२० मार्च

लिफ्टवाले,

महिना झाला, उत्तर नाही. मागचं पत्र तिखट झालं असेल तर ते मी मागे घेत नाही, पण बाबांचं एक सांगायचं आहे.

ते रोज विचारायला लागले होते. "बाई, अजून कसे आले नाहीत? इतके का किनारे आहेत?" आमच्या यांना ते बघवेना. त्यांची बोट आहे, डॉल्फिन दाखवायला पाहुण्यांना नेतात. म्हणाले, चला बाबा, आपणच शोधू. हंगामाच्या धबडग्यात एकेक सुट्टी काढून त्यांना सगळीकडे फिरवलं. उत्तरेला झालं. खाडीच्या तोंडाशी झालं. दीपगृहाच्या खालचा खडकाळ किनारा, तिथे नव्याने झालेली मोठी हॉटेलं, तिथेही. मी यांना म्हटलं, अहो, जे तिथे नाहीतच त्यांना शोधायला का नेता? तर म्हणाले, शोधताना ते रडत नाहीत.

प्रत्येक किनाऱ्यावर बाबा खुर्च्यांच्या रांगांमधून चालायचे. एकेका माणसाच्या तोंडावर बॅटरी. "माफ करा," म्हणायचे, आणि पुढचा. कुणी चिडायचं, कुणी हसायचं. हे मागून हात जोडत जायचे.

परवा दक्षिणेच्या कड्यांखाली एक माणूस बसला होता, बायको आणि पिवळ्या फ्रॉकमधली मुलगी. बाबांनी उजेड मारला आणि तो काढेचनात. तो माणूस दचकला. यांनी मागून खूण केली. भला माणूस हो. म्हणाला, "हो बाबा. बसा ना." मुलीने वाळूची बादली त्यांच्या मांडीवर ठेवली. नारळपाणी पाजलं. ऊन कलेपर्यंत बाबा त्यांच्यात बसले होते. निघताना त्या माणसाने पाठीवरून हात फिरवला. मग तोंड दुसरीकडे केलं.

बोटीत यांना म्हणाले, "भेटला. जागा चांगली मिळालीय त्याला."

त्या दिवसापासून त्यांनी तुमचं विचारणं सोडलं. शांत झोपतात. हे तुम्हाला सांगावं की नाही, आमच्या दोघांत वाद झाला. मी म्हटलं, सांगायला हवं.

मालकीण

२ एप्रिल

ताई,

मी येऊन गेलो.

तुमचं पत्र वाचलं आणि पुढच्या सुट्टीला पहिली गाडी धरली. तुमच्या फाटकापर्यंत आलो होतो. तुम्ही दोरीवर चादरी वाळत घालत होतात, पाठमोऱ्या. हाक मारायला तोंड उघडलं, पण पाय किनाऱ्याकडे वळले.

बाबा समोरून आले. रापलेत. माझ्यापेक्षा तब्येत बरी दिसते. "एकटेच?" मी म्हटलं, "हो." "बायको-मुलं?" "घरी आहेत." "पुढच्या वेळी आणा, पिक्चर चांगलाय. या, इकडून या, पायरी सांभाळा." मी पाय उचलला, ताई. त्यांनी मला मागच्या रांगेत कडेला बसवलं. मी म्हटलं, "बाबा." ते म्हणाले, "सगळे बाबाच म्हणतात मला इथे." मग वाकून, कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेताने सांगितलं, "माझा मुलगा पण आलाय. त्याला पुढे बसवलंय."

मी पुढे पाहिलं. पुढे कुणीतरी जाडसर माणूस पेपर तोंडावर घेऊन झोपला होता.

दुपारच्या बसने परत आलो. बायकोला सांगितलं. दुसऱ्याच दिवशी तिने ती घ्यायची ते शिवणाचे क्लास बंद केले आणि खारूला आजीकडे, म्हणजे स्वतःच्या आईकडे, पाठवण्याचं ठरवलं. काल खारूला पोचवून आलो. गाडीत तिने एकदाच विचारलं, "मी काय केलं?" मी खिडकीबाहेर बोट दाखवून म्हटलं, ते बघ, तळं.

बायको म्हणते, आणा त्यांना. मला थोडा वेळ द्या.

१२ एप्रिल

भाऊ,

आता भाऊच म्हणते. फाटकापर्यंत येऊन परत जाणाऱ्याला काय म्हणावं, मला माहीत नाही.

खुर्चीवाला बोलला होता, एक माणूस मागच्या रांगेत उन्हात रडत बसला होता, त्याला वाटलं प्रेमभंग झालाय.

वेळ फार नाही. माझ्या मुलीचे दिवस भरत आलेत, डॉक्टरांनी तिला अंथरुणातून उठायचं नाही म्हणून सांगितलंय. मला मेच्या सुरुवातीलाच तिच्याकडे जावं लागणार. तिचं घर म्हणजे एक खोली आणि सासू. तिथे बाबांना नेता येत नाही. इथे हे एकटे. आणि पाऊस लागायच्या आत आम्ही खोल्या बंद करतो. वाऱ्याने पत्रे उडतात, पाणी अंगणापर्यंत येतं, अख्ख्या किनाऱ्यावर चिटपाखरू राहत नाही. हे बोट वर ओढतात आणि मुलीकडेच येतात.

मी जायच्या आधी तुम्ही आला असता तर हातात हात दिला असता. पण तुमची सुट्टी तुम्हाला माहीत. मे उलटू देऊ नका.

मालकीण

१६ मे

ताई,

मुलीकडे सुखरूप पोचला असाल. हे पत्र वाचायच्या आत तुम्हाला तुमच्या मिस्टरांकडून कळलंच असेल. तरी मी लिहितो, कारण त्यांनी माझी बाजू घेऊन सांगितलं असेल, आणि तशी घेण्यासारखी माझी बाजू नाही.

काल टॅक्सी घेऊन आलो. बॅग भरून तयार होती. बाबा किनाऱ्यावर होते. मी म्हटलं, चला बाबा, घरी जायचं. म्हणाले, शो चालू आहे. मी हात धरला. त्यांनी सोडवला. मी पुन्हा धरला. मग ते ओरडले, "हा माणूस तिकीट नसताना आत घुसलाय!"

लोक जमले. आंघोळीच्या कपड्यांतली, ओल्या केसांची, हातात पेले घेतलेली माणसं. "सोडा त्यांना." "कोण तुम्ही?" मी म्हटलं, मी मुलगा. एक बाई म्हणाली, "खोटं बोलू नका, आम्ही दरवर्षी येतो, आजोबा इथलेच आहेत. त्यांचा मुलगा बोट चालवतो." कुणीतरी शूटिंग करत होतं. तुमचे मिस्टर धावत आले, सांगू लागले की अहो खरंच मुलगा आहे, तर लोक त्यांच्यावरच उलटले. मग चौकीतला शिपाई आला. मी माझं ओळखपत्र दाखवलं, त्यावर बाबांचं नाव आहे. तो वाचून म्हणाला, "बरोबर आहे. न्या."

आता कुणी अडवत नव्हतं. पण बाबा वाळूत बसले होते आणि तुमच्या मिस्टरांच्या पायाला मिठी मारून लहान मुलासारखे रडत होते. "मॅनेजरसाहेब, मी काय चूक केली? मला काढू नका." मी त्यांना काखेत धरून उठवायला गेलो. ते वजनाने काहीच नाहीत, ताई. तरी मला उचलता आले नाहीत.

मिस्टर म्हणाले, "आज नको."

टॅक्सीवाला विचारत होता, किती थांबू. बायकोने घरी त्यांची खाट लावली होती. आईचा फोटो परत लावायला खिळा ठोकून ठेवला होता. मी मोकळ्या हातांनी परत आलो.

मला काय करावं ते कळत नाही. हे मी आयुष्यात पहिल्यांदा कुणालातरी लिहितो आहे.

३० मे

भाऊ,

तुम्ही कामावर होतात, म्हणून भेट झाली नाही. बाईसाहेबांनी सांगितलं असेल, तरी मलाही सांगू द्या. छातीवरचं ओझं कुठेतरी उतरायला हवं.

मुलीला मुलगा झाला. दोघं ठीक आहेत. तिला सासूच्या हवाली करून मी दोन दिवसांसाठी निघाले, कारण हे रोज फोनवर म्हणत होते, वारा फिरला, खोल्या झाकायला घेतल्या, बाबांचं काय? आधी किनाऱ्यावर जाऊन बाबांना घेतलं. माझ्याबरोबर ते कुठेही येतात. "बाई, कुठे निघालो?" मी म्हटलं, तुमची बदली झालीय, शहरातल्या थिएटरात. केवढे खूश झाले! गाडीत समोरच्या बाकावरच्या माणसांना सांगत होते, बढती मिळाली म्हणून. मी मान डोलवत होते.

तुमच्या बाईसाहेबांनी दार उघडलं. जानेवारीत आम्ही फार तर दहा वाक्यं बोललो असू. त्यांनी बाबांना आधी खुर्ची दिली, मग मला मिठी मारली. मला ते अपेक्षित नव्हतं. मी त्यांच्यासाठी मनात बरंच काही जपून आणलं होतं, ते तसंच राहिलं. हात शिवणाच्या सुईने टोचलेले, डोळ्यांखाली काळं. वरण-भात केला होता. बाबा दोनदा भात मागून जेवले. मग खिडकीपाशी गेले. समोर दुसऱ्या इमारतीची भिंत. "बाई, पडदा कुठाय?" मी म्हटलं, अजून लावायचाय, नवं थिएटर आहे.

माझी गाडी संध्याकाळची. जायला तर हवं. त्यांना सांगून निघाले असते तर निघता आलं नसतं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. म्हणून म्हटलं, "बाबा, बसा, मी चहा टाकून येते." बसले. मी स्वयंपाकघरात गेले, आणि तिकडच्या बाजूने पिशवी उचलून दाराबाहेर. तुमच्या बाईसाहेब खाली मान घालून उभ्या होत्या. त्यांनी आवाज न करता कडी लावली. लिफ्ट वर अडकली होती, मी जिन्याने उतरले. दोन मजले उतरले असेन तेवढ्यात वरून हाक आली. "बाई?"

मी कठड्याला धरून उभी राहिले. पुन्हा हाक आली. मग मी उतरून गेले.

फेब्रुवारीत मी तुम्हाला काय काय लिहिलं होतं ते मला शब्दन् शब्द आठवतंय. ते पत्र असेल तर फाडून टाका.

त्यांनी नंतर मला विचारलं का? धीर द्यायला म्हणून काही लिहू नका. खरं असेल ते लिहा.

मालकीण

२१ जून

ताई,

नातवाला आशीर्वाद. तिकडे पाऊस जोरात आहे असं बातम्यांत ऐकलं. खोल्यांचे पत्रे टिकले का?

इथलं सांगतो. बाबा जेवतात. गोळ्या बायकोच्या हातून घेतात, माझ्या हातून घेत नाहीत. मी त्यांच्या लेखी वरच्या मजल्यावरचा कुणीतरी आहे. भेटलो की नमस्कार करतात. गॅसची टाकी खाली वॉचमनकडे ठेवली आहे, लागेल तेव्हा वर आणतो. बाहेरच्या दाराला कुलूप असतं. आम्ही कुलूप लावणार नाही असं दोघांनी ठरवलं होतं. खारू रविवारी येते, भिंतीला पाठ लावून बसते आणि संध्याकाळ झाली की आपणहून चपला घालते. तिच्या आजीलाही हे किती दिवस जमेल माहीत नाही. बायको आता ओरडते. भांडी आपटते, मग त्यांचे पाय चेपत बसते. असंच चाललंय. कसं निभेल ते मला सांगता येत नाही.

तुमचं फेब्रुवारीचं पत्र मी फाडलेलं नाही. त्यात खोटं काही नव्हतं.

तुम्ही खरं लिहा म्हणालात. आज कामावरून आलो तर बाबा दाराच्या आतल्या बाजूला उभे होते, भांग पाडून, स्वेटर घालून. मी कुलूप उघडून आत आलो. म्हटलं, "इथे का उभे?" म्हणाले, "बाई चहा टाकायला गेल्यात. येतीलच."

मी म्हटलं, "हो, येतील."

"तुम्हालाही हवा असेल तर थांबा," म्हणाले, आणि थोडे सरकून त्यांनी मला शेजारी जागा करून दिली. मी थांबलो.